डी-२ पोलादाचा फिनिश: सिरॅमिक पट्टा की अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा?

नाशिकच्या अंबड वसाहतीतील आमच्या शेडमध्ये सुऱ्यांसाठी डी-२ हे हत्यारी पोलादच (टूल स्टील) अधिक येते. त्यात सुमारे १.५ टक्के कार्बन व १२ टक्के क्रोमियम असल्याने कार्बाइडचे (कार्बन व धातूच्या संयुगाचे) कठीण कण अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या घासपट्ट्याची (ग्राइंडिंग बेल्टची) धार लवकर घालवतात. मग पट्टा कापण्याऐवजी नुसता घासतो, पाते तापते आणि काठावर निळसर झाक आली की तिथले पाणी (कडकपणा) उतरलेच म्हणून समजावे. सिरॅमिकचे कण दाबाखाली बारीक तुटून नवी धार देतात, म्हणून १२० ग्रिटपर्यंत (आकडा जितका मोठा तितके कण बारीक) मी तोच वापरतो. शेवटच्या हलक्या हाताला मात्र तो दाब मिळत नाही. तिथे कमी वेगावरचा ४०० ग्रिटचा स्वस्त अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच मला अधिक एकसारखी रेघ देतो. जास्त व्हॅनेडियमच्या पोलादांतले व्हॅनेडियम कार्बाइड मात्र या दोन्हींपेक्षा कठीण असते. त्याला हिरा किंवा सीबीएन (घन बोरॉन नायट्राइड) हवा.