+२ ची तलवार की जळती तलवार?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या रोलप्लेइंग खेळाच्या पाचव्या आवृत्तीत पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीला, पहिलं दमदार जादुई शस्त्र द्यायची वेळ आली की डीएमपुढे, म्हणजे खेळ चालवणाऱ्यापुढे, दोन वाटा असतात. एक म्हणजे सरळ बोनस, टू-हिट (घाव बसतो का हे ठरवणारी वीस बाजूंच्या फाशाची फेक) आणि डॅमेज (घावाने होणारं नुकसान) दोन्हींत +१, +२ किंवा +३. दुसरी म्हणजे बोनस शून्य, पण घाव बसला की एक जादा फासा, आगीचा नाहीतर थंडीचा १डी६, म्हणजे सहा बाजूंचा एक फासा. दोन्ही प्रकारची शस्त्रं वाटून मी कॅम्पेन चालवली आहेत, आणि माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच.

कागदावर दोन्हींत फारसा फरक नाही. पाचव्या लेव्हलचा फायटर घ्या. स्ट्रेंग्थ १८, हातात लाँगसोर्ड, फायटिंग स्टाइल (लढण्याच्या खास पद्धतीचा फायदा) धरलेली नाही, समोर एसी १५ (घाव बसायला फेकीची बेरीज किमान एवढी लागते). क्रिटिकल (वीस पडल्यावर डॅमेजचे फासे दुप्पट) धरून एका हल्ल्यामागे सरासरी ५.७५ डॅमेज पडतं. +२ दिलं की ते ८.१ होतं आणि जादा १डी६ दिला की ८.२. नुसत्या हिशेबावर ठरवायचं तर कोणतंही द्या.

सरळ बोनसच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. पात्राच्या शीटवर एकदा लिहिला की दर वेळी आठवण ठेवावी लागत नाही. अट्यूनमेंट (जादुई वस्तूशी नातं जोडणं, जे पात्राला सहसा तीनच वस्तूंशी जोडता येतं) लागत नाही, त्यामुळे तीनपैकी एक जागा अडत नाही. समोरचा राक्षस आगीला दाद देतो की नाही, हा प्रश्नच येत नाही. शिवाय सगळ्यांची पाळी होईपर्यंत थांबायचं आणि मग फासा वाया जायचा, हे खेळणाऱ्याच्या जिवावर येतं. +२ मुळे दर दहा हल्ल्यांमागे सरासरी एक चुकणारा घाव लागतो. नवख्या खेळाडूच्या हातात मी आजही +१ चं शस्त्र आनंदाने देतो.

अडचण पुढे येते आणि ती एसीची आहे. या आवृत्तीत एसीचा पट्टा मुद्दाम अरुंद ठेवलेला आहे. २०१४ च्या नियमांत साध्या गॉब्लिनचा एसी १५ आणि एन्शंट रेड ड्रॅगनचा २२. या दोघांतलं अंतर सातचं, त्यातलं तीन एकट्या +३ च्या तलवारीने खाल्लं तर उरलं काय? धनुर्धर तर आणखी पुढे जातो. आर्चरी स्टाइलचे +२, धनुष्याचा +१ आणि बाणाचा +१ हे सगळे एकत्र लागू होतात.

अशा पार्टीपुढे लढाया फिक्या पडायला लागल्या की डीएमचा हात आपोआप एसीकडे जातो. एसी १५ चा १७ केला की +२ वाला फायटर ७५ टक्क्यांवरून ६५ वर येतो, म्हणजे जिथे असायला हवा तिथे. पण ज्याच्याकडे जादुई शस्त्र नाही तो ६५ वरून ५५ वर घसरतो. सुक्याबरोबर ओलंही जळतं. माझ्या टेबलावर हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बिनबोनसवाला खेळाडू नऊ टाकतो, त्यात सात मिळवतो आणि सोळा म्हणतो. एरवी लागला असता तो घाव आता चुकतो, आणि त्याने तर काहीच वेगळं केलेलं नसतं. दोनतीन लढायांनंतर तो फासा टाकण्याआधीच पडेल चेहऱ्याने बसलेला असतो. मग त्यालाही बोनस द्यावा लागतो, मग सगळ्यांना, मग राक्षसांचा एसी पुन्हा वर. एवढी लूट वाटून पार्टी होती तिथेच उभी, आणि शस्त्र मिळाल्याचा आनंद मात्र कुठेच नाही.

माझा निर्णय इथेच झाला. जादा फाशाचं शस्त्र जड झालं तर मी राक्षसांचे हिट पॉइंट (किती डॅमेज सोसता येतं तो आकडा) वाढवतो, आणि हिट पॉइंट ही सगळ्यांची सामाईक शिकार आहे. २०१४ च्या नियमांतला ५९ हिट पॉइंटचा ओगर ७५ चा केला तरी त्याचा एसी ११ च राहतो. प्रत्येकाचा घाव पूर्वीइतक्याच वेळा बसतो, फक्त लढाई एखादा राउंड लांबते. कोणाचाही हात कमकुवत होत नाही.

या बाजूला उणिवा नाहीत असं नाही. जादा फासा टाकायला लोक विसरतात. डेव्हिल्सविरुद्धच्या मोहिमेत जळती तलवार म्हणजे साधी तलवार, कारण आगीचा त्यांच्यावर काहीही परिणाम होत नाही. आणि अकराव्या लेव्हलपासून फायटर तीन हल्ले करतो, तेव्हा फासेही तीन होतात. म्हणून मी जादा फासा एका टर्नमध्ये एकदाच लागू करतो. पुस्तकातली फ्लेम टंग ही जळती तलवार थेट २डी६ देते. वरच्या फायटरच्या हातात तिचा हिशेब १०.६५ वर जातो, आणि दुर्मीळता मात्र +२ इतकीच, ‘रेअर’. अट्यूनमेंटची अट असली तरी मला ती पाचव्या लेव्हलला जास्तच वाटते.

पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाची दुसरी आवृत्ती खेळत असाल तर हा प्रश्न जवळजवळ उरत नाही. तिथे राक्षसांचं गणितच शस्त्रावरचे रून्स (कोरलेली जादुई चिन्हं) धरून मांडलेलं आहे, +१ ते +३ बोनसही आणि जादा फासेही. तिथे बोनस अडवून ठेवला तर पार्टीचं नुकसान होतं. माझं म्हणणं फक्त अशा खेळांपुरतं आहे, जिथे राक्षस जादुई शस्त्रं गृहीत न धरता बनवलेले असतात.

तुमची पार्टी लहान असेल आणि सगळ्यांना एकाच सुमारास एकसारखं शस्त्र देणार असाल, तर +१ ने काही बिघडणार नाही. २०१४ चं ग्रेट वेपन मास्टर हे फीट (पात्राचं खास कौशल्य) कोणी घेतलं असेल तर मात्र सांभाळा. तिथे टू-हिटचे पाच सोडून डॅमेजमध्ये दहा मिळतात, आणि +३ ची तलवार त्या पाचातले तीन परत भरून देते. बाकी कोणत्याही टेबलाला मी एवढंच सुचवेन की +१ वर थांबा, आणि त्यापुढची प्रत्येक बक्षिसी फाशाच्या रूपात द्या.