हळदीच्या अर्काचं सीरम : सात महिन्यांनंतर

मुरुम गेले, पण हनुवटीवर आणि गालांवर त्यांचे तपकिरी डाग राहिले. नाकाच्या कडेला लालीही होती. त्यासाठी हळदीच्या अर्काचं सीरम घेतलं. आधी ते आणि पाचव्या महिन्यापासून हळदीतल्याच घटकापासून बनवलेलं क्रीम, असं मिळून सात महिने रोज रात्री लावलं.

लालीवर आधी फरक पडला. तिसऱ्या आठवड्यात नाकाची कड निवलेली दिसली. नवा मुरुम आला तर भोवतीची सूज पूर्वी चार-पाच दिवस टिकायची, ती दोन दिवसांत बसू लागली. डागांनी मात्र अंत पाहिला. दर पंधरा दिवसांनी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळेला फोटो काढत होते. तीन महिने सगळे फोटो सारखेच. चौथ्या महिन्यातला फोटो पहिल्याशेजारी ठेवला तेव्हा हनुवटीवरचे डाग फिकटलेले जाणवले. रंगद्रव्य तयार करणाऱ्या टायरोसिनेज या विकराला कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य, अडवतं, असं प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत दिसलंय. पण आधीच साचलेला रंग त्वचेचे थर बदलतील तसाच जातो, आणि एका फेरीला साधारण चार आठवडे लागतात. शिवाय या काळात मी सनस्क्रीन एकही दिवस चुकवलं नाही, त्यामुळे सगळं श्रेय सीरमला देता येणार नाही.

या घटकाबद्दल सगळ्यात जास्त मला उशीच्या अभ्र्याने शिकवलं. पहिल्याच आठवड्यात त्यावर पिवळे डाग पडले. साबण लावला तर ते लालसर झाले आणि मी घाबरले. पुढे अभ्रा उन्हात वाळवला, तर डाग जवळजवळ उडून गेले. मग वाचून कळलं की कर्क्युमिन साबणासारख्या अल्कलीत लालसर होतं आणि प्रकाशात तुटतं. तेवढ्यात बाटलीकडे लक्ष गेलं. पारदर्शक काच, वर ड्रॉपर, आणि ठेवलेली खिडकीच्या कट्ट्यावर! सुरुवातीचा गडद पिवळा रंग दुसऱ्या महिन्यात फिकट लिंबासारखा झाला होता. म्हणजे अभ्र्यावर जे झालं तेच बाटलीत चाललं होतं, आणि मी ते इमानाने चेहऱ्याला लावत होते. याचं मला खरंच वाईट वाटलं.

दुसरी बाटली गडद काचेची घेतली, कपाटात ठेवली आणि दोन महिन्यांत संपवली. पाचव्या महिन्यापासून टेट्राहायड्रोकर्क्युमिन असलेलं, पंपाच्या बाटलीतलं क्रीम वापरतेय. कर्क्युमिनला हायड्रोजन जोडून ते बनवतात. त्याला पिवळा रंग नसतो आणि ते जास्त टिकतं. अभ्रा स्वच्छ राहतो, सकाळी कपाळावर पिवळी झाकही नसते. पुन्हा घ्यायचं झालं तर हेच घेईन.

घेताना घटकांची यादी नीट वाचा. अर्काचं नाव सुगंधाच्याही खाली असेल तर तो नावापुरताच असण्याची शक्यता जास्त. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन-तीन दिवस थांबा. वनस्पतीतून आलंय म्हणून निर्धास्त राहू नका. कर्क्युमिन आणि टेट्राहायड्रोकर्क्युमिन, दोन्हींची अ‍ॅलर्जी झाल्याच्या नोंदी आहेत.

डाव्या गालावरचा एक करडा, खोल डाग मात्र सात महिन्यांत तसूभरही हलला नाही. तो आता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवणार आहे.