दुकानात फिरते, घरी निपचित: ८ टीबी हार्ड डिस्क, आठ महिन्यांनंतर

मी सांगलीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. हळदीपासून पाठवणीपर्यंत एका लग्नाचं फुटेज तीन-चारशे जीबी सहज होतं. म्हणून मार्चमध्ये नवा पीसी असेंबल करताना मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ८ टीबीची, ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेरे घेणारी), सर्व्हरमध्ये वापरतात त्या जातीची हार्ड डिस्क आणली. आज तिच्याबद्दल तक्रार नाही. पण पहिले बारा दिवस तिने मला चांगलंच नाचवलं.

पीसी सुरू झाला, विंडोज इन्स्टॉल झालं, डिस्क मात्र बायोसमध्येसुद्धा (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डचा स्वतःचा प्रोग्राम) दिसत नाही. मदरबोर्डचं मॅन्युअल उघडलं तर बारीक अक्षरात लिहिलेलं: दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये (मदरबोर्डवरची चपटी खाच) एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, लावली की साटा ५ आणि ६ हे हार्ड डिस्क जोडायचे पोर्ट बंद. माझी डिस्क नेमकी पाचवर! सापडला चोर म्हणून खुशीत पोर्ट १ वर लावली. तरी नाही. केबल बदलली, बायोस अपडेट केलं, मग सगळं खोलून पुन्हा बसवलं. नाहीच.

मुंबईला परत गेलो. दुकानदाराने ती यूएसबी डॉकमध्ये (डिस्क बाहेरून जोडायचा स्टँड) ठेवली आणि म्हणाला, "साहेब, ही बघा, फिरतेय की." खरंच फिरत होती. खजील होऊन घरी आणली आणि जुन्या पीसीला लावली, तिथेही चालली. आता माझा सगळा संशय नव्या मदरबोर्डवर. तो परत करायला खोक्यात भरणार, एवढ्यात पॉलिटेक्निकला असलेला भाचा म्हणाला, "मामा, डिस्क फिरत तरी आहे का ते बघितलंस?"

नव्हतं बघितलं. हात लावला, थंडगार आणि मुकी. म्हणजे डेटा केबल, पोर्ट, बायोस यांत शोधायचं काही नव्हतंच. डिस्क जागीच होत नव्हती. मग भाच्याने दोन्हीकडच्या पॉवरच्या वायरी मोजल्या. जुन्या पीसीत मोलेक्सला (पॉवरचा जुना, चार पिनांचा कनेक्टर) कन्व्हर्टर लावून साटा केलेलं, त्याला चार वायरी. नव्या एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणारा डबा) कनेक्टरला पाच.

ती पाचवी वायर ३.३ व्होल्टची. २०१६ साली आलेल्या साटाच्या ३.३ या आवृत्तीत पॉवर कनेक्टरच्या तिसऱ्या पिनला नवं काम दिलं गेलं: तिच्यावर व्होल्टेज आलं की डिस्कने बंद राहायचं. सर्व्हरमध्ये अडकलेली डिस्क हात न लावता बंद-चालू करता यावी, म्हणून ही सोय. जुन्या पद्धतीच्या एसएमपीएसमध्ये त्या पिनवर ३.३ व्होल्ट कायमच असतात. म्हणजे माझा एसएमपीएस डिस्कला अखंड सांगत होता, 'झोप', आणि ती बिचारी झोपून होती. मोलेक्समध्ये फक्त ५ आणि १२ व्होल्ट असतात, त्यामुळे जुन्या पीसीत तिला कोणी झोपवलंच नाही. डॉकमध्येही तेच.

उपाय दहा मिनिटांचा. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून पिवळट काप्टन टेपचा (वीज अडवणारी, उष्णता सोसणारी) तुकडा आणला आणि डिस्कच्या पहिल्या तीन पिनांवर चिकटवला. (आखूड एल-आकाराच्या बाजूने मोजायचं, पलीकडच्या टोकाला १२ व्होल्ट आहेत, तिथे टेप लावून बसू नका.) पीसी सुरू केला आणि कॅबिनेटमधून घर्र आवाज आला. पोराची पहिली रड ऐकावी तसं वाटलं!

एवढं करूनही 'धिस पीसी'त ती दिसली नाही, पण तो दोष नव्हता. नवी कोरी डिस्क विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन इनिशियलाइझ, म्हणजे वापरासाठी तयार, करावी लागते. तिथे डिस्कच्या मांडणीची जीपीटी ही पद्धत निवडा. एमबीआर ही जुनी पद्धत घेतलीत तर २ टीबीच्या पुढची जागा हाती लागत नाही. ८ टीबीचे ७.२७ दिसतात, हा हिशेबाचा फरक आहे, फसवणूक नाही.

आता वापराबद्दल. मोठ्या फाइल्स कॉपी करताना सुरुवातीला वेग सेकंदाला २०० एमबीच्या वर; डिस्क भरत गेली तसा उतरला. तिच्यावरून थेट एडिटिंग मी करत नाही, ते एसएसडीवर. आवाज आहे, रात्री शांततेत कुरकुर ऐकू येते. मे महिन्यात तापमान ४८ अंशांपर्यंत गेलं, समोर एक पंखा वाढवल्यावर चाळीसच्या आसपास आलं. स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) खराब सेक्टर अजून शून्य.

दिवाळीच्या साफसफाईत कनेक्टर काढून लावला आणि डिस्क पुन्हा गायब. या वेळी आधी हात लावून पाहिलं: थंड. टेप सरकली होती. आता टेपचा नाद सोडून मोलेक्सचं कन्व्हर्टर घेतलं, तेही वायर वेगळ्या दाबून बसवलेल्या असतात ते. प्लास्टिक ओतून बंद केलेली स्वस्तातली आत शॉर्ट होऊन जळाल्याचे प्रकार आहेत. दुकानात पाकीट फोडायच्या आधी वायरी मोजल्या. चार.