तिएने, तेंगा की तुबिएरा: कुठे काय वापरायचं?

तेनेर म्हणजे 'जवळ असणं', स्पॅनिश शिकायला लागलं की अगदी सुरुवातीलाच भेटणारं क्रियापद, आणि सगळं नीट चाललेलं असताना मधेच कुठेतरी तिएनेचं तेंगा होतं आणि डोकं फिरतं. हा तेंगा म्हणजे सब्जंक्टिव्ह, गोष्ट 'आहेच' असं ठामपणे सांगायचं नसतं तेव्हाचं क्रियापदाचं रूप. माझं मत विचाराल तर नियमांची यादी नंतर, आधी आपलं मराठीच कामाला लावा: मराठीत 'आहे', 'असतो' आलं की तिएने, 'असेल', 'असले', 'मिळेल' आलं की तेंगा.

बुस्को एल पिसो के तिएने बाल्कोन, म्हणजे बाल्कनी आहे तो फ्लॅट शोधतोय, तो कुठेतरी खरंच आहे आणि मला माहितीये. बुस्को उन पिसो के तेंगा बाल्कोन, म्हणजे बाल्कनी असेल असा कुठलाही, मिळाला तर मिळाला. मी क्लासमध्ये 'उन पिसो के तिएने' म्हणून मोकळा झालो, तर बाईंनी शांतपणे विचारलं, "बरं, कुठला?" तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

आउंके, म्हणजे 'जरी', घ्या. आउंके तिएने दिनेरो म्हणजे पैसे आहेत तरीही, आउंके तेंगा दिनेरो म्हणजे पैसे असले तरी, असतील नसतील मला काय. कुआंदो तिएनेस तिएम्पो, तुला वेळ असतो तेव्हा, नेहमीचं. कुआंदो तेंगास तिएम्पो, वेळ मिळेल तेव्हा, अजून मिळायचाय.

पण ही युक्ती दोन ठिकाणी दगा देते. एक, मे आलेग्रो दे के तेंगास त्राबाखो, तुला नोकरी आहे याचा आनंद आहे. नोकरी खरंच आहे, मराठीत चक्क 'आहे', तरी तेंगास, कारण आधी आनंद, दुःख, भीती असलं काही आलं की स्पॅनिशला खरंखोटं बघायचंच नसतं. दुसरं, सी म्हणजे जर. 'पैसे असतील तर' म्हणताना तेंगा अगदी जिभेवर येतो, पण तिथे सी तिएनेच, सी तेंगा चूकच. आणि 'पैसे असते तर', म्हणजे नाहीतच, तिथे सी तुबिएरा, सब्जंक्टिव्हचंच भूतकाळी रूप.

या तुबिएराचं एक जुळं रूपही आहे, तुबिएसे. मग तुबिएरा की तुबिएसे? दोन्ही तुबिएरोन, म्हणजे 'त्यांच्याजवळ होतं', यातून निघतात, शेवटचा रोन काढा, रा किंवा से लावा, 'जर' वाल्या वाक्यात अर्थ तोच. मी डोळे मिटून रा घ्या म्हणेन, लॅटिन अमेरिकेत बोलण्यात तोच जास्त चालतो, स्पेनमध्येही चालतो, से तिथे ऐकू येतो आणि पुस्तकांत दिसतो. शिवाय नम्रपणे कॉफी मागताना किसिएरा उन काफे म्हणतात (किसिएरा हे केरेर, म्हणजे 'हवं असणं', याचं तसंच रूप), किसिएसे म्हणालात तर विचित्र वाटेल. से वाचताना ओळखता आला की बास. फक्त लिहिताना 'आम्ही'चं रूप तुबिएरामोस, त्यातल्या ए वर अ‍ॅक्सेंटची खूण द्यायची, ती मी अजूनही विसरतो.