जैसलमेरला कुठे उतरावं: किल्ल्यात, गावात की वाळूत?

जैसलमेरचं तिकीट काढलं की पहिला प्रश्न राहायचं कुठे हाच येतो. जयपूरला हॉटेल जरा लांबचं निघालं तर रिक्षाचे चार पैसे जास्त जातात, एवढंच. जैसलमेरला मात्र तुम्ही कुठे उतरता त्यावर तुम्हाला काय दिसणार आणि काय दिसणार नाही, हे ठरतं. इथे चार पर्याय आहेत: किल्ल्यातली गेस्ट हाउस, किल्ल्याखालच्या गावातल्या हवेल्या, सम या वाळूच्या टेकड्यांच्या ठिकाणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची मोठी रिसॉर्ट आणि वाळवंटातले तंबू. मी दोनदा गेले. पहिल्यांदा आम्ही दोघं किल्ल्यात राहिलो. दुसऱ्यांदा आई-बाबांना घेऊन खालच्या गावात राहिलो आणि एक रात्र तंबूत काढली. त्या अनुभवावरून सांगते.

किल्ल्यात राहण्याची ओढ खरी आहे, ती मी नाकारणार नाही. रावळ जैसलने ११५६ मध्ये वसवलेला हा किल्ला अजून नांदता आहे. आत घरं आहेत, किराणा दुकानं आहेत, जैन मंदिरं आणि लक्ष्मीनाथाचं मंदिर आहे. दिवसभराची गर्दी संध्याकाळी उतरून गेली की गल्ल्या पुन्हा तिथल्या माणसांच्या होतात. ओट्यावर बायका भाजी निवडत बसतात, गाय वाट अडवून उभी असते, कुणाच्या तरी घरातून आरती ऐकू येते. आमची खोली तटाला लागून होती. झरोक्यात बसलं की खाली सगळं गाव आणि पलीकडे सपाट माळ दिसायचा. पहाटे तिथे बसून घेतलेला चहा मी विसरलेले नाही.

पण त्याच खोलीची न्हाणीघराला लागून असलेली भिंतही मी विसरलेले नाही. गुडघ्याच्या उंचीपर्यंत तिला लोणा धरला होता. बोट फिरवलं की पिवळ्या दगडाची पूड ओल्या रव्यासारखी हाताला लागायची. यजमान म्हणाले, दर दोन वर्षांनी घासून घेतो, पुन्हा येतं. वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात भिंतीला ओल कुठून आली? आमच्या अंघोळीच्या पाण्यातून.

हा किल्ला त्रिकूट टेकडीवर उभा आहे आणि टेकडीच्या पोटात चिकणमातीचे मऊ थर आहेत. पूर्वी पाणी गडीसर तलावातून डोक्यावरून वर यायचं, त्यामुळे घागरभर पाणीही जपून वापरलं जायचं. मग नळ आले, पाठोपाठ पर्यटक आले आणि खोलीखोलीला जोडून न्हाणीघर, शॉवर, कमोड आला. गळक्या गटारांतून ते पाणी टेकडीत मुरायला लागलं. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने १९९८ मध्ये या किल्ल्याला धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घातलं होतं. २०१३ मध्ये राजस्थानातल्या इतर डोंगरी किल्ल्यांबरोबर तो युनेस्कोच्या यादीत आला, पण त्याने जमिनीखालचं पाणी थांबत नाही. ९९ बुरुजांपैकी काही ढासळले आहेत आणि ऑगस्ट २०२४ च्या पावसात तटाचा एक भाग कोसळला.

म्हणून आता मला कुणी विचारलं तर मी सांगते: किल्ल्यात झोपू नका. आतल्या कुटुंबांची रोजीरोटी पर्यटकांवर आहे, हे मला ठाऊक आहे. तेव्हा आत जेवा, आतल्या दुकानांतून खरेदी करा, गाइड आतलाच घ्या, दोन दिवस सकाळ-संध्याकाळ वर जा. फक्त अंघोळ आणि झोप खाली ठेवा. आईवडील बरोबर असतील तर आणखी एक साधं कारण आहे. मोठी गाडी आत जात नाही. अखै पोळ, सूरज पोळ, गणेश पोळ, हवा पोळ असे चार दरवाजे ओलांडत गुळगुळीत झालेल्या फरशीचा चढ चढायचा असतो. गुडघेदुखीच्या माणसाला तो दिवसातून दोनदा जमत नाही, आणि सामान घेऊन तर नाहीच.

गावातल्या मुक्कामात निवड करावी लागते ती 'हवेली' या शब्दाची. एक असते खरी जुनी हवेली, जिची खोल्यांत वाटणी केलेली असते. दुसरी असते सिमेंटची नवी इमारत, वरून पिवळ्या दगडाची जाळी लावलेली. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. ओळखायची खूण सोपी आहे. जुन्या वास्तूत प्रत्येक खोलीचा आकार वेगळा असतो, जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा असतो, लिफ्ट नसते. भिंती जाड असल्यामुळे दुपारी आत गारवा राहतो. नवीत सगळ्या खोल्या एका मापाच्या, लिफ्ट असते, गाडी दारापर्यंत येते. आम्ही दोघंच असतो तर जुनी घेतली असती. आई-बाबांसाठी नवी घेतली आणि ते बरोबर ठरलं. आईला खोलीपेक्षा गच्ची आवडली. रात्री किल्ल्यावर दिवे लागले की ती खुर्ची ओढून तटाकडे तोंड करून बसायची. किल्ला आतून पाहताना त्याचा डोंगरासारखा पसारा कळत नाही, तो खालूनच कळतो.

पटवांच्या हवेल्या, नथमलची हवेली, मुख्य बाजार सगळं इथून पायी जाण्याजोगं आहे. गडीसरला पहाटे चालत गेलो तेव्हा घाटावर आमच्याशिवाय जेमतेम पाच-सहा माणसं होती. शहराबाहेरून गाडी करून येणाऱ्याला ती वेळ सहसा साधत नाही. राजघराण्याच्या जुन्या वास्तूत राहायचं असेल तर मंदिर पॅलेस आणि जवाहर निवास आहेत. साधं, सरकारी आणि ऐसपैस चालत असेल तर राजस्थान पर्यटन महामंडळाचं 'मूमल' आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. पहिल्या फेरीत शेवटच्या रात्रीसाठी आम्ही खाली एक फारच स्वस्त खोली घेतली होती. चहा यायच्या आधी उंटाच्या सफारीचा तक्ता आला. आम्ही नको म्हटल्यावर बोलण्याचा सूर बदलला आणि रात्री साडेनऊला 'खोली दुसऱ्याची बुक आहे' असं सांगून आम्हाला बाहेर काढलं. खोलीचं भाडं नाममात्र ठेवायचं आणि पैसा सफारीवर काढायचा, ही तिथली जुनी चाल आहे. म्हणून फोनवर आधीच विचारा, 'सफारी तुमच्याकडूनच घ्यावी लागते का?' उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं हॉटेल बघा.

रिसॉर्टबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सोय उत्तम, अंगण मोठं, लहान मुलांना मोकळीक. पण प्रत्येक वेळी गावात यायला गाडी लागते आणि संध्याकाळ आवारातच जाते. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यापुढे १८ टक्के, तेव्हा भाव विचारताना कर धरूनच विचारा. पाण्यासाठी शतकानुशतके तलाव जपलेल्या या गावाच्या वेशीवर पोहण्याचे तलाव बघून माझं मन रमलं नाही. लग्नकार्य असेल किंवा तान्हं मूल असेल तरच हा पर्याय घ्या.

तंबूची रात्र एकच ठेवा, पण ठेवाच. ती कुठे, हे महत्त्वाचं. सगळे एजंट सम सुचवतात. ते शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे, तिथल्या वाळूच्या टेकड्या खरोखर मोठ्या आहेत आणि वाटेवरून थोडं आत वळलं की पालीवाल ब्राह्मणांचं ओस पडलेलं कुलधरा गाव बघून होतं. पण तंबूंच्या रांगांमागे रांगा आहेत. संध्याकाळी जीपगाड्यांची धूळ आणि रात्री प्रत्येक तळावर वेगळा डीजे. मांगणियार या लोकगायकांच्या जमातीतल्या कुणाची कमायचा, म्हणजे त्यांचं तंतुवाद्य, ऐकायला गेलेल्या माणसाला शेजारच्या तळावरचं हिंदी गाणंच जास्त ऐकू येतं. हा सगळा मुलूख डेझर्ट नॅशनल पार्कच्या कुशीतला आहे. तिथले लोक ज्याला गोडावण म्हणतात तो आपला माळढोक इथेच कसाबसा तग धरून आहे. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ कसा रिकामा झाला हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना तो गोंगाट जास्तच टोचतो.

आम्ही खुडीला गेलो. नैऋत्येला, शहरापासून साधारण तेवढ्याच अंतरावर. वाळूच्या टेकड्या समपेक्षा लहान, पण गाव खरं आहे, मातीने सारवलेल्या घरांचं. जेवणात बाजरीची भाकरी, केर-सांगरीची भाजी आणि लसणाची चटणी होती. बाबांनी भाकरी कुस्करून तिच्यावर तूप ओतून घेतलं आणि म्हणाले, ही तर आपल्याकडचीच. नंतर एक म्हातारे मांगणियार आणि त्यांचा नातू, दोघंच, माइकशिवाय गायले. नातवाच्या बोटांत खरताल होते, लाकडी पट्ट्यांचा तो आवाज वाळूवर कोरडा उमटत होता.

डिसेंबर-जानेवारीत गेलात तर तंबूत पहाटे पारा पाच अंशांच्या आसपास येतो. बाथरूम जोडलेलं असतं, पण गरम पाणी बादलीने मिळतं. दोन रजया मागून घ्या आणि म्हाताऱ्या माणसांसाठी कानटोपी न्याच. मार्चनंतर वारा सुटतो आणि वाळू पांघरुणातही येते. तारे बघायचे असतील तर अमावास्येच्या जवळची तारीख धरा, वाळूवरून चालायचं असेल तर पौर्णिमेची. माघी पौर्णिमेच्या सुमारास मरु महोत्सव असतो, तेव्हा भाडी चढतात आणि खोल्या आधीच भरतात.

तीन रात्री असतील तर दोन गावात आणि एक खुडीला, आणि खुडीची रात्र मधली ठेवा. वाळूतून परतल्यावर केस-कपडे धुवायला गावातली खोली लागतेच. शिवाय त्या परतीच्या वाटेवर, सकाळी नऊच्या उन्हात, किल्ला लांबून वर येताना दिसतो. बाबांनी तिथे गाडी थांबवायला लावली होती.