अठरा हजारांची सीलबंद पेटी

छतावर ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या तारांना जोडलेले सोलर आहे आणि आता त्याला बॅटरी जोडायची आहे, अशा कोल्हापूरकरांनी आमचा अनुभव वाचून मगच कोटेशनवर सही करावी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर पंचगंगेच्या आसपास राहणाऱ्या आमच्यासारख्या कुटुंबांना घरात बॅटरी असावी असे वाटणे स्वाभाविक होते, आणि सोलर बसवणाऱ्या एका ठेकेदाराने नेमकी हीच गरज हेरली.

ऑन-ग्रिड इन्व्हर्टर महावितरणचा पुरवठा खंडित होताच सुरक्षिततेसाठी स्वतःही बंद होतो. आमच्या ३ किलोवॅटच्या संचाला १५० अँपिअर-अवरच्या ४ ट्यूब्युलर (शिसे-आम्लाच्या) बॅटऱ्या आणि त्यांचा स्वतंत्र इन्व्हर्टर जोडला, की लाइट गेल्यावरही सोलर चालू राहील, असे त्याने सांगितले. ते खरेही होते. बॅटरीच्या इन्व्हर्टरने तयार केलेली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची वीज सोलर इन्व्हर्टरला महावितरणचीच वाटते आणि तो वीज देत राहतो. परंतु अशा वेळी घरात न खपलेली वीज बाहेरच्या तारांत जाऊ शकत नाही, ती उलट्या वाटेने बॅटरीत शिरते. त्यावर उपाय म्हणून कोटेशनमध्ये 'बॅटरी ओव्हरचार्ज कंट्रोल पॅनेल, १८,००० रुपये' अशी वेगळी ओळ होती, आणि त्यापोटी भिंतीवर हिरव्या दिव्याची एक सीलबंद पेटी बसवण्यात आली.

प्रात्यक्षिक त्याने ऊन कलल्यावर, बॅटऱ्या बऱ्याच उतरलेल्या असताना आणि गीझर चालू ठेवून दाखवले. अशा स्थितीत जास्तीची वीज उरतच नाही, त्यामुळे कोणतीही पेटी उत्तीर्णच होणार. उरलेली रक्कम त्याने त्याच संध्याकाळी नेली.

खरी परीक्षा उन्हाळ्यात झाली. देखभालीसाठी सकाळपासून दुपारपर्यंत वीज बंद होती, बॅटऱ्या रात्रभर चार्ज होऊन भरलेल्या होत्या, डोक्यावर ऊन होते आणि घरात दोन पंखे व फ्रिज एवढाच लोड होता. बॅटऱ्यांच्या झाकणांतून आम्लाचे पाणी उसळू लागले, कवच हाताला चटका देऊ लागले. उद्यमनगरातून बोलावलेल्या इलेक्ट्रिशियनने मोजले तेव्हा चारही बॅटऱ्यांची मिळून बँक ६३ व्होल्टवर होती, ती ५७.६ च्या आसपास थांबायला हवी होती. शिवाय अशा बॅटऱ्यांना सुमारे १५ अँपिअर चार्जिंग पुरेसे असताना ४० च्या वर प्रवाह आत जात होता. ओव्हरचार्जमध्ये हायड्रोजन वायू सुटतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते. आमच्या बॅटऱ्या जिन्याखालच्या बंद कोनाड्यात होत्या.

पेटी उघडली. आत दोन एमसीबी (जास्त प्रवाह झाला की पडणारे स्विच), एक सर्ज प्रोटेक्टर (अचानक उसळणाऱ्या व्होल्टेजपासून वाचवणारा) आणि तो दिवा, एवढेच होते. बॅटरीकडून पेटीत एकही वायर आलेली नव्हती, मग बॅटरी भरली हे तिला कळणार कसे? हिरवा दिवा मात्र इमानाने जळत होता. विचारणा केल्यावर आम्ही सील तोडल्याने वॉरंटी संपल्याचे ठेकेदाराने कळवले, आणि बॅटरी कंपनीने ओव्हरचार्जचे नुकसान वॉरंटीत बसत नसल्याचे सांगून हात वर केले.

योग्य जोडणीत बॅटरी भरत आली की तिचा इन्व्हर्टर विजेची फ्रीक्वेन्सी (वारंवारता) ५० हर्ट्झवरून हळूहळू वर नेतो आणि त्यावरून सोलर इन्व्हर्टर उत्पादन कमी करतो किंवा थांबतो. आमच्या इन्व्हर्टरमध्ये ही सोय मुळातच नव्हती. 'लिथियम घ्या, मग चिंता नाही' हा सल्लाही अर्धवट आहे. लिथियम बॅटरीतले बीएमएस, म्हणजे तिच्यावर नजर ठेवणारे सर्किट, बॅटरी भरली की तिची जोडणी अचानक तोडते आणि त्या क्षणी व्होल्टेज उसळून घरातली उपकरणे जळू शकतात.

म्हणून शेवटचा हप्ता देण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भरलेली असताना, भर दुपारी, लोड कमीत कमी ठेवून आणि ठेकेदाराला समोर उभे करूनच मेन स्विच बंद करायला लावावा आणि मल्टिमीटरवर फ्रीक्वेन्सी व बॅटरीचे व्होल्टेज पाहावे. फ्रीक्वेन्सी हलली नाही, सोलर तोडणारा रिले (आपोआप चालणारा स्विच) असल्यास तोही पडला नाही आणि व्होल्टेज चढतच राहिले, तर लगेच सोलरचा एमसीबी खाली करून पैसे रोखावेत. आम्ही आता बॅटरीच्या व्होल्टेजवर चालणारा असा रिले आणि त्याच्या इशाऱ्यावर सोलर तोडणारा मोठा स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, बसवून घेतला आहे. कोटेशन, बिल आणि उघड्या पेटीची छायाचित्रे जोडून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारही केली आहे. अशी तक्रार दाखल करण्याची मुदत २ वर्षांची असते आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.