इंजिनाखाली रबर की सरळ बोल्ट?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात माझ्या मामेभावाची फायबरची होडी आहे. नवं इंजिन बसवतोय आणि अडलाय इथेच: रबरी माउंट (इंजिनाखालच्या रबरी गाद्या) घालायचे की इंजिन थेट बेडवर, म्हणजे होडीतल्या पक्क्या बैठकीवर, बोल्टने आवळायचं?

खर्चात थेट आवळणं स्वस्त, वादच नाही. रबर घेतलं की लवचिक कपलिंग (इंजिन आणि पाण्यातल्या पंख्याचा दांडा, म्हणजे शाफ्ट, यांचा जोड) आलं, एक्झॉस्टला लवचिक पाइपही आला.

थरथरीचं गणित वेगळं. मिनिटाला १८०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ३०. थेट बसवलं तर प्रत्येक हादरा होडीच्या अंगात जातो. जुन्या इंजिनाची डिझेलची नळी अशीच नटाला लागून चिरली होती. रबर बराचसा हादरा गिळतं. पण तेल सांडत राहिलं की फुगतं, मऊ पडतं, इंजिन खाली बसतं आणि शाफ्टची रेषा बिघडते. मग फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन कपलिंग पुन्हा तपासा, तेही होडी पाण्यात असताना. वाळूवर ओढलेल्या होडीचं माप खरं नसतं.

(पंख्याचं पातं वाकलेलं असेल तर दोन्ही व्यर्थ!)

रात्र-रात्र खलाशी होडीवर असतील तर रबर. खाडीत तासभर फिरणाऱ्या लाकडी होडीला बोल्ट पुरे. भावाला मी रबरच सांगितलंय, खाली सांडलेलं तेल रोज पुसायच्या अटीवर.